डेंग्यूत कोलेस्टेरॉल ११२ वर आलं म्हणून अण्णांनी गोळी सोडली, आता काय सांगू त्यांना?

अजिंक्यतारा_०७

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा, पण भांडण वडिलांशी आहे. त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

अण्णा ६८ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. बरीचशी नोकरी सातारा-महाबळेश्वर घाटात गेली. वेबिल भरून, हिशेब देऊन मगच घरी यायचं ही सवय इतकी अंगात मुरलेली की निवृत्तीनंतरही एक लांबट वही केली आहे. त्यात रोजचं बीपी, दर रविवारचं वजन, सहा महिन्यांनी रक्ताचे आकडे, सगळं पट्टीनं रकाने आखून. आम्ही घरात त्या वहीला वेबिलच म्हणतो. पाच वर्षांपूर्वी कोलेस्टेरॉल २४८ निघालं तेव्हापासून रात्री झोपताना अ‍ॅटोरवास्टॅटिन १० ची एक गोळी. एक दिवस चुकली नाही.

गेल्या सप्टेंबरात, गौरी गेल्यावर चार-पाच दिवसांनी, अण्णांना ताप भरला. गच्चीवरच्या पिंपाचं झाकण वाऱ्यानं उडालं होतं आणि आठवडाभर कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं. नंतर आशाताई आल्या, पिंपात बॅटरी मारली आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. अळ्या नुसत्या नाचत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणून मीच बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकत असते!

दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आली. चौथ्या दिवशी प्लेटलेट ६१ हजार, म्हणून अ‍ॅडमिट केलं. सगळ्यात खाली ३४ हजारांवर गेल्या, पण रक्तस्राव नव्हता, प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत, सलाइनवर निभावलं. सोनोग्राफीत पित्ताशयाच्या भिंतीला सूज आणि फुप्फुसाभोवती थोडं पाणी होतं. एकूण आठ दिवसांनी घरी आले.

आता मुद्दा. तापाच्या सहाव्या दिवशी तिथल्या कुठल्याशा पॅकेजात लिपिड प्रोफाइलही, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, झालं. एकूण कोलेस्टेरॉल ११२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) २४, ट्रायग्लिसराइड २१८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ४४. आधी जूनमध्ये गोळी चालू असताना एकूण १७८ आणि एलडीएल १०६ होतं. वजनही ७४ वरून साडेएकोणसत्तर. अण्णांनी वेबिलात ११२ लिहिलं, खाली लाल शाईनं दोन रेघा ओढल्या आणि जाहीर केलं, "डासानं चरबी खाल्ली. गोळीचं काम संपलं." मी वाद घातला तर म्हणाले, "आठ दिवस एकशेतीन ताप होता. तू लोणी कढवतेस तेव्हा काय होतं? तेच."

डिसेंबरात मी जबरदस्तीनं परत तपासणी करून घेतली. एकूण २४१, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १८५, एलडीएल १६३. यावर अण्णांचं उत्तर, "ही लॅब वेगळी आहे."

तर जाणकारांनी सांगा. डेंग्यूच्या विषाणूचा चरबीशी खरंच काही संबंध असतो का, की हा योगायोग? दोनातला खरा आकडा कुठला धरायचा? आणि कंडक्टरला पटेल अशा भाषेत हे कसं सांगू?

खुसपट

डास चावून कोलेस्टेरॉल उतरत असतं तर आमच्या नाक्यावरच्या वडेवाल्यानं कढईशेजारी डासांचा पिंजरा टांगला असता. एका वड्यावर दोन डास मोफत.

बाकी पपईच्या पानाचा रस दिलात की नाही? आमच्या एका काकांना तीन-तीन वाट्या पाजला. उलट्या होऊन सलाइनच्या दोन बाटल्या जास्त लागल्या. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

सेंट्रीफ्यूज_मिरज

मिरजेत ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, आता घरी बसून हे असले धागे वाचते. डॉक्टर नाही, टेक्निशियन होते. पण आकडे माझ्या हातून गेलेत, तेव्हा बोलते.

लॅबवर ढकलू नका म्हणावं अण्णांना. दोन लॅबमध्ये पाच-दहाचा फरक पडेल, ११२ आणि २४१ चा नाही पडत. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त पहिला मोजायचा दिवस चुकला. त्यांनाच विचारा, सातारा बंद आहे, रस्त्यावर टायर जळतायत, अशा दिवशी स्टँडवर उभं राहून प्रवासी मोजले तर या मार्गाला गिऱ्हाईक नाही असा शेरा मारायचा का?

कोलेस्टेरॉल रक्तात एकटं फिरत नाही. तेल-पाण्याचं वैर. प्रथिनांच्या आवरणात बसूनच त्याला प्रवास करावा लागतो. एलडीएल, एचडीएल ही त्या गाड्यांची नावं. गाड्या सोडणारा मुख्य डेपो म्हणजे यकृत. कुठलाही मोठा संसर्ग झाला, मग तो न्युमोनिया असो की डेंग्यू, की शरीर यकृताला वेगळी कामं लावतं. एलडीएल आणि एचडीएल दोन्ही खाली येतात, ट्रायग्लिसराइड बहुतेक वेळा वर चढतात. तुमच्या अण्णांचा रिपोर्ट बघा, एचडीएल ४२ च्या आसपास असणाऱ्या माणसाचं २४ झालंय आणि ट्रायग्लिसराइड २१८. चरबी "जळली" असती तर चांगलं कोलेस्टेरॉल अर्ध्यावर कशाला आलं असतं? हा बरं होण्याचा रिपोर्ट नाही, आजाराचा आहे. डेंग्यूत त्यात आणखी भर पडते. केशवाहिन्या पाझरायला लागतात. पित्ताशयाची सूज आणि छातीतलं पाणी म्हणता ते हेच, रक्तातलं पाणी बाहेर झिरपलेलं. त्याबरोबर प्रथिनं आणि काही गाड्याही बाहेर जातात. शिवाय यकृताला सूज, पोटात अन्न नाही आणि वरून सलाइन.

एलडीएल ४४ हे मशीननं मोजलेलं नसणार, ते वजाबाकीनं आलंय. एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडला पाचानं भागून तेही वजा. ११२ वजा २४ वजा ४४, उरले ४४. करून बघा. बऱ्याच लॅबमध्ये अजून हेच सूत्र चालतं आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते गुंडाळून ठेवावं लागतं. असल्या नमुन्यात सिरम दुधाळ दिसतं. सेंट्रीफ्यूजमधून नळी काढली की एरवी वर पेंढ्याच्या रंगाचं स्वच्छ पाणी असतं. याचं मात्र ताकाच्या निवळीसारखं गढूळ. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं दिसत नाहीत. मी नव्या मुलांना हीच परीक्षा शिकवायचे, मशीनला लावायच्या आधी डोळ्यांनी बघ.

आता तुमचा पहिला प्रश्न, विषाणूचा चरबीशी संबंध काय. आहे, आणि चांगलाच आहे. फक्त अण्णांच्या पोटावरच्या चरबीशी नाही.

डेंग्यूचा विषाणू म्हणजे आरएनएची एक चिठ्ठी, जेमतेम १०,७०० अक्षरांची. त्यातून दहा प्रथिनं बनतात, बस. चरबी बनवायचं एकही यंत्र त्याच्याकडे नाही. पण अंगावरचं आवरण चरबीचं लागतं, आणि स्वतःच्या प्रती काढायला पेशीच्या आत पडद्यांचे कप्पे लागतात, तेही चरबीचेच. मग तो पेशीच्याच मुदपाकखान्यात शिरतो. २०१० साली अमेरिकेत असं दाखवलं गेलं की विषाणूचं एनएस३ नावाचं प्रथिन पेशीतल्या फॅटी अ‍ॅसिड बनवणाऱ्या एन्झाइमला ओढून आपल्या कामाच्या जागी आणून बसवतं. आचारीच पळवायचा! त्याच वर्षी शिकागोच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्या पेशीत चरबीचे बारीक थेंब साठवलेले असतात, अडीअडचणीसाठी. पेशीला स्वतःचीच अडगळ पचवायची एक सोय असते, जिच्यावर जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. विषाणू तीच सोय चालू करून ते थेंब फोडायला लावतो, सुटलेली फॅटी अ‍ॅसिडं मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जातात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर याच्या प्रती निघतात.

म्हणजे "डासानं चरबी खाल्ली" हे अण्णांचं वाक्य अगदीच टाकाऊ नाही. डासानं नाही, विषाणूनं. आणि पोटाची नाही, पेशीच्या आतली.

शेवटचं एक. एनएस१ पॉझिटिव्ह म्हणून जी चिठ्ठी तुम्हाला मिळाली, तो एनएस१ म्हणजे काय माहीत आहे? संक्रमित पेशीतून रक्तात सोडलं जाणारं विषाणूचं प्रथिन. सहा तुकडे जुळून त्याचं पिंप होतं आणि त्या पिंपाच्या पोटात चरबी भरलेली असते, ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉलची संयुगं, फॉस्फोलिपिड. २०११ साली पॅरिसच्या संशोधकांनी हे उघडून दाखवलं तेव्हा त्याची तुलना थेट एचडीएलशी केली. मी हजारो एनएस१ किटं लावली असतील. नियंत्रण रेघेशेजारी दुसरी गुलाबी रेघ उमटली की पॉझिटिव्ह लिहायचं, एवढंच माहीत. ती रेघ एका नकली एचडीएलमुळे उमटते हे रिटायर झाल्यावर वाचलं. वाईट वाटलं थोडं. ड्यूटीवर असताना कळलं असतं तर जास्त मजा आली असती.

गच्चीवर एक पिंप आणि रक्तात दुसरं. असो.

अजिंक्यतारा_०७

सेंट्रीफ्यूजताई, कोपरापासून नमस्कार. तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. बंदच्या दिवशीचे प्रवासी हे ऐकल्यावर काही बोलले नाहीत, म्हणजे लागलंय. पण कंडक्टरच ते, सुट्टे पैसे बाकी ठेवणार नाहीत. दोन शंका काढल्या आहेत.

एक, विषाणूला चरबी लागते आणि स्टॅटिन चरबी कमी करतं, तर मग डेंग्यूवर स्टॅटिनच का देत नाहीत? आणि मी तर आधीपासून घेत होतो, मला डेंग्यू झालाच कसा? दोन, साडेचार किलो वजन गेलं ते कुठं गेलं?

रात्रपाळी

मी मेडिसिनचा रेसिडेंट, नागपूर. डेंग्यूच्या दिवसांत आमच्या वॉर्डात गादीला गादी लागलेली असते, म्हणून आयडी हा.

अण्णांची पहिली शंका फार चांगली आहे. तीच शंका संशोधकांनाही आली होती. प्रयोगशाळेतल्या पेशींवर लोव्हास्टॅटिन टाकलं की डेंग्यूच्या विषाणूची वाढ मंदावताना दिसते. म्हणून व्हिएतनाममध्ये, हो ची मिन्ह सिटीत, डेंग्यूच्या ३०० प्रौढ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना लोव्हास्टॅटिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण रिकामी गोळी, पाच दिवस. निकाल २०१६ मध्ये छापून आला. औषध सोसलं सगळ्यांना, पण रक्तातल्या विषाणूंच्या संख्येवर किंवा आजारावर फायदा काही दिसला नाही. ताटलीतल्या पेशीला देता येतो तेवढा डोस माणसाला देता येत नाही, आणि रुग्ण आपल्यापर्यंत पोचतो तोवर विषाणूनं आपलं बरंचसं काम उरकलेलं असतं. माझ्या मते खरी अडचण ही दुसरी आहे. आमच्याकडे लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात, तेव्हा विषाणू उताराला लागलेला असतो आणि पाझर सुरू व्हायचा असतो.

आता एक गोष्ट जी अण्णांना जरूर सांगा. डेंग्यूत कोलेस्टेरॉल खाली जाणं ही चांगली खूण समजत नाहीत. इंडोनेशियात सेमारांग इथल्या मुलांच्या अभ्यासात, २००२ साली, ज्यांचा आजार जास्त गंभीर त्यांचं कोलेस्टेरॉल जास्त खाली असं आढळलं. निकाराग्वातही पुढे तसंच दिसलं, तिथे तर दाखल होतानाच ज्यांचं एलडीएल कमी होतं त्यांच्यात गंभीर आजाराचं प्रमाण जास्त निघालं. कमी कोलेस्टेरॉलमुळे आजार वाढतो असा याचा अर्थ लावू नका, आजार जोरात आहे म्हणून ते खाली जातं असंही असू शकतं. पण लाल शाईच्या दोन रेघा आनंदाच्या असतील तर त्या चुकल्या. तो आकडा बघून मी रात्री दोन वेळा जास्त बीपी मोजलं असतं. ताप उतरतो तेव्हाचे २४ ते ४८ तास आमच्यासाठी सगळ्यात वाईट. घरचे म्हणतात ताप गेला, सोडा, आणि आमचं लक्ष हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताचा दाटपणा, चढतंय का याच्याकडे.

सेंट्रीफ्यूजताईंनी थेंब फुटतात म्हणून लिहिलं ते बरोबरच आहे, पण चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, ब्युनोस आयरेसच्या प्रयोगशाळेनं दाखवलं होतं की विषाणूचं कॅप्सिड, म्हणजे त्याची आरएनए गुंडाळून ठेवणारं प्रथिन, या थेंबांवर जाऊन चिकटतं, आणि त्यांच्या पेशींत थेंब वाढलेले दिसले. म्हणजे एकीकडे गोदाम भरतोय, दुसरीकडे रिकामं करतोय. कुठल्या पेशी, संसर्गाचा कितवा तास, यावर काय दिसेल ते ठरतं. विषाणूला दोन्हीची गरज असावी असं मला वाटतं, कॅप्सिड ठेवायला जागा आणि जाळायला इंधन. वेस्ट नाइल आणि झिका हे याचेच भाऊबंद, तेही पेशीतल्या चरबीवर असेच डल्ला मारतात. चिकुनगुन्या मात्र याच डासातून येत असला तरी वेगळ्या घराण्यातला आहे.

डिस्चार्जच्या वेळी यकृताचे आकडे, एसजीओटी, एसजीपीटी, किती होते ते बघाल का? विचारण्याचं कारण आहे.

सेंट्रीफ्यूज_मिरज

वजनाचं मी सांगते, त्यात डॉक्टरकी नाही, भागाकार आहे.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७,७०० कॅलरी. अण्णा आठ दिवस पेज, नारळपाणी, अर्धी भाकरी यावर होते असं धरू. रोज हजार-बाराशे कॅलरीची तूट पडली असेल, तापात थोडी जास्तच. आठ दिवसांची बेरीज नऊ-साडेनऊ हजार. चरबी गेली असेल तर फार तर एक-सव्वा किलो. उरलेले सव्वातीन किलो कुठले? पाणी, यकृतातलं साठवलेलं ग्लायकोजेन आणि मांडीचे स्नायू. खरं खोटं करायचं तर विचारा त्यांना, घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात जिना चढताना कठडा धरावा लागत होता का? पोट कमी झालेल्या माणसाला कठडा लागत नाही.

लोणी कढवण्याचंही सांगते. लोणी कढवलं की तूप होतं, चरबी कुठं जाते? पातेल्यातच असते की! पाणी उडतं.

मेरलायन_मामा

सिंगापूरहून. इथं २३ वर्षं झाली, मूळचा कराडचा. धाग्याला थोडं फाटे फोडणारं लिहितोय, पण चरबीचाच विषय आहे म्हणून राहवलं नाही.

वर सगळे माणसाच्या चरबीबद्दल बोलतायत, डासाचं काय? कीटकांना कोलेस्टेरॉल स्वतः बनवताच येत नाही. आपलं यकृत सटासट बनवतं, डासाला ते अन्नातूनच मिळवावं लागतं, अळी असताना पिंपातल्या घाणीतून आणि मादीला मोठेपणी तुमच्या-आमच्या रक्तातून. आता डासाच्या पेशीत वोल्बाकिया नावाचा जीवाणू घालून वाढवतात हे वाचलं असेल. हा जीवाणू असलेल्या एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या, डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. का वाढत नाही याची जी कारणं मांडली जातात त्यातलं एक हे, की दोघांनाही तेच तुटपुंजं कोलेस्टेरॉल हवं असतं आणि वोल्बाकिया आधी ताटावर बसलेला असतो. २०१३ मध्ये फळमाश्यांना जास्त कोलेस्टेरॉलचा आहार देऊन बघितला, तर वोल्बाकियाचा विषाणू रोखण्याचा जोर कमी झाला. चाळीतल्या नळावर दोन बिऱ्हाडांची भांडणं असतात तसं. पाणी जास्त आलं की भांडण मिटतं.

इंडोनेशियात योग्याकार्ता शहराचे २४ भाग पाडून निम्म्या भागांत असे डास सोडले. २०२१ मध्ये निकाल आला, डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी. आमच्याकडे पद्धत वेगळी आहे, इथं वोल्बाकियाचे फक्त नर सोडतात. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी संग झालेल्या इथल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. आमच्या ब्लॉकखाली सकाळी माणूस येऊन डबा उघडतो. डासांनी भरलेला डबा लिफ्टशेजारी उघडताना पहिल्यांदा बघितला तेव्हा आमच्या हिनं माझी कॉलर धरली होती. आता कुणी ढुंकून बघत नाही. भारतातही पुदुच्चेरीला आयसीएमआरच्या संस्थेनं असे डास तयार केले आहेत.

बाय द वे, इथं पिंपात अळ्या सापडल्या तर दंड भरावा लागतो. अजिंक्यताराताई, तुम्ही आशाताईंच्या नुसत्या नजरेवर सुटलात.

खुसपट

मामा, म्हणजे डास पण डाएटवर! सातारी माणसाचं २४१ वालं रक्त प्यायला की डासाचं वोल्बाकिया फेल. अण्णांनी गोळी परत सुरू करणं आता सामाजिक जबाबदारी आहे.

रात्रपाळी

खुसपट, हलकंच घेतलं. पण कुणी खरं समजून बसायला नको म्हणून लिहितो, तो माश्यांवरचा प्रयोग होता. आपल्या रक्तातल्या आकड्याचा आणि चावलेल्या डासाचा असा हिशेब कुणी लावलेला नाही.

अजिंक्यतारा_०७

रात्रपाळी, तुमचा प्रश्न वाचून कपाटातली एक्स-रेची पिशवी काढली. डिस्चार्ज कार्ड त्यातच होतं, सोनोग्राफीच्या फिल्मला चिकटलेलं. एसजीओटी ३१२, एसजीपीटी १८८. आणि त्याखाली, पेनानं, डॉक्टरी अक्षरात एक ओळ. मला लागायला दहा मिनिटं लागली, शेवटी औषधाच्या दुकानातल्या दादाकडून वाचून घेतली. "अ‍ॅटोरवास्टॅटिन तूर्त बंद. फॉलोअपला विचारणे."

म्हणजे गोळी अण्णांनी सोडलीच नव्हती! यकृताचे आकडे वाढले म्हणून तिथेच थांबवली होती. दवाखान्यातून निघताना नर्सनं पिशवीत गोळ्या भरून दिल्या, त्यात ही नव्हती, पण का नाही ते कुणी सांगितलं नाही. फॉलोअपची तारीख दसऱ्याच्या आसपास होती, अण्णांना बरं वाटत होतं, आम्ही गेलो नाही. मधल्या काळात अण्णांनी ११२ बघून स्वतःचा सिद्धांत तयार केला आणि मी तीन महिने त्या सिद्धांताशी भांडत बसले. कार्ड वाचायचं कुणालाच सुचलं नाही. मीही त्यात आले.

काल आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. एसजीओटी २८, एसजीपीटी ३१, सगळं जागेवर. गोळी परत सुरू, तीच १० ची. दोन महिन्यांनी परत लिपिड बघायचं आहे. डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं ते इथल्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते, मोठं आजारपण किंवा ऑपरेशन झालं की निदान सहा-आठ आठवडे जाऊ द्यायचे, मग लिपिड करायचं. रात्रपाळी, तुम्ही कारण न सांगता विचारलंत ते बरं केलंत, नाहीतर मी कार्ड न शोधताच वाद घालत बसले असते.

कठड्याचं विचारलं. आधी नाही म्हणाले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कठडा कसला, माझा खांदा धरत होते." मग विषय बदलला.

रात्री वेबिल उघडून बसले होते. मी मागून बघितलं. लाल रेघा खोडलेल्या नाहीत, तो माणूस हिशेबात खाडाखोड करत नाही. पण ११२ च्या शेजारी शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईनं लिहिलं आहे, "फेरी रद्द."

आणि सेंट्रीफ्यूजताई, तुम्हाला निरोप आहे. पुढची तपासणी २० मार्चला ठरवली आहे, चालेल का असं विचारायला सांगितलंय. त्या दिवशी कुठला बंद नाही ना.